रस्त्यावरचा माईक: अनोळखी माणसांना प्रश्न विचारणाऱ्या व्हिडिओंची पार्श्वभूमी

अमेरिकेतली १९३२ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आलेली, हूवर विरुद्ध रूझवेल्ट, आणि ह्यूस्टनच्या केटीआरएच या रेडिओ स्टेशनवरच्या पार्क्स जॉन्सन आणि जेरी बेल्चर या दोघांनी काय केलं तर लांब वायरचा माईक हॉटेलच्या खिडकीतून थेट रस्त्यावर सोडला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारायला लागले. कार्यक्रमाचं नाव ‘व्हॉक्स पॉप’, लॅटिनमधल्या व्हॉक्स पॉप्युलीचं म्हणजे ‘लोकांचा आवाज’ याचं छोटं रूप, आणि पत्रकार आजही रस्त्यावर घेतलेल्या बाइट्सना व्हॉक्स पॉपच म्हणतात. १९३५ मध्ये तो एनबीसी या देशभर ऐकल्या जाणाऱ्या रेडिओ नेटवर्कवर गेला आणि १९४८ पर्यंत चालला. पण मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. राजकारणाचे प्रश्न लवकरच मागे पडले आणि कोडी, गमतीचे प्रश्न, घरगुती गप्पा पुढे आल्या. माणसाचं मत ऐकण्यापेक्षा तो अचानक आलेल्या प्रश्नाने गोंधळतो, हसतो, सावरतो ते ऐकायला लोकांना जास्त आवडतं हे तेव्हाच कळलेलं होतं, आज रील बनवणारा प्रत्येकजण याच गोष्टीवर उभा आहे.

तसं बघितलं तर नुसता कागद-पेन घेऊन हे काम त्याच्याही आधी झालंय. १८४९ पासून हेन्री मेह्यू लंडनच्या रस्त्यांवर फेरीवाले, हमाल, शिवणकाम करणाऱ्या बायका यांच्याशी बोलून ते मॉर्निंग क्रॉनिकल या पेपरात छापत होता, आणि शक्य तितकं त्यांच्याच भाषेत छापत होता. नंतर पेपरांमध्ये फोटोसकट एक प्रश्न-अनेक उत्तरं असं सदर रूढ झालं. पुढे जॅकलिन केनेडी म्हणून जगाला माहीत झालेली जॅकलिन बूविए १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या एका पेपरासाठी हेच करायची, कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभं राहायचं, प्रश्न विचारायचा, फोटो काढायचा. आजच्या क्रिएटरचं काम यापेक्षा फार वेगळं आहे असं मला तरी वाटत नाही.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या ॲलन लोमॅक्सने देशभरातल्या लोकसंगीत गोळा करणाऱ्या लोकांना तारा केल्या की गाणी राहू द्या, आत्ता रस्त्यावर जा आणि साध्या माणसांना काय वाटतंय ते रेकॉर्ड करा. त्यातून दोनशेच्या वर लोकांचे आवाज जमले आणि ते आजही ऐकता येतात. रस्त्यावरचा प्रश्न इतिहासाच्या कामाचा असू शकतो याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता यंत्रांकडे येऊ, कारण या प्रकाराची प्रत्येक उडी ही सामान हलकं झाल्यामुळे बसलेली आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्टेफान कुडेल्स्कीने नाग्रा नावाचा खांद्याला अडकवायचा टेप रेकॉर्डर १९५१ पासून बनवला, त्याच दशकाच्या शेवटी त्याचं खूप सुधारलेलं मॉडेल आलं, आणि खांद्यावर धरता येणारे कॅमेरेही येत होते. १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये मानववंशशास्त्रज्ञ ज्याँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ या दोघांनी ही यंत्रं घेऊन एक डॉक्युमेंटरी केली, ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’, ती १९६१ मध्ये आली. त्यात मार्सेलिन लोरिदां हातात माईक धरून फुटपाथवरच्या लोकांना एकच प्रश्न विचारते, तुम्ही सुखी आहात का? काहीजण तोंड फिरवून निघून जातात, काही थांबतात आणि अनोळखी बाईला खरंखुरं सांगतात. तीन-चार शब्दांचा प्रश्न, कुणालाही कळणारा, कुणालाही लागू होणारा, आणि उत्तर काय येईल ते अजिबात सांगता न येणारा. चांगला प्रश्न कसा असावा हे शिकायचं असेल तर मी आजही कुणालाही हेच बघायला सांगेन.

टीव्हीवर मात्र हा प्रकार वेगळ्या वाटेला लागला. अमेरिकन टीव्ही होस्ट जे लेनोच्या ‘जेवॉकिंग’ या सदरात लोकांना अगदी सोपे सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचे आणि ज्यांची उत्तरं चुकली त्यांच्या क्लिप दाखवायच्या, दुसरा होस्ट जिमी किमेल याच्या टीमने तर २०१३ मध्ये कोचेला या संगीत महोत्सवाला आलेल्यांना अस्तित्वातच नसलेल्या बँड्सबद्दल विचारलं आणि लोक ते बँड आवडतात म्हणून सांगत राहिले. हसू येतं, मान्य, पण इथे प्रश्न ऐकण्यासाठी नसतो, सापळा म्हणून लावलेला असतो, आणि बरोबर उत्तर दिलेली माणसं एडिटमध्ये गायब झालेली असतात हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. बघणाऱ्याला वाटतं सगळेच असे, आणि आजच्या कितीतरी व्हिडिओंचा हुक, म्हणजे बघणाऱ्याला पकडून ठेवणारी सुरुवात, तिथूनच आलाय.

मग यूट्यूब आलं २००५ मध्ये, पण मोठा धक्का बसला तो उभ्या छोट्या व्हिडिओंनी. टिकटॉक २०१८ मध्ये म्युझिकली या दुसऱ्या व्हिडिओ ॲपला सामावून घेऊन जगभर पसरलं, २०२० मध्ये इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स आले, आणि मधल्याच काळात कॉलरला लावायचे छोटे वायरलेस माईक स्वस्त झाले, म्हणजे १९३२ ची ती खिडकीतली वायर शेवटी गेलीच. आता एक फोन, एक माईक आणि एक प्रश्न पुरतो. डॅनियल मॅक या टिकटॉक क्रिएटरने महागड्या गाड्यांच्या ड्रायव्हरना ‘तुम्ही काम काय करता’ एवढंच विचारून चॅनल उभं केलं आणि २०२२ मध्ये तोच प्रश्न तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनाही विचारला. एकच प्रश्न परत परत विचारायचा फायदा असा की बघणाऱ्याला पहिल्या सेकंदातच कळतं काय चाललंय, आणि उत्तर ऐकायला तो थांबतो.

थांबवलेल्या माणसाचं काय हा प्रश्नही तितकाच जुना आहे. १८९८ मध्ये दोन फोटोग्राफर जर्मनीचा माजी चॅन्सलर बिस्मार्क याच्या घरात चोरून शिरले आणि त्याच्या मृतदेहाचा फोटो काढला, त्यावरून झालेल्या वादातून पुढे १९०७ मध्ये जर्मनीत कायदा आला की चेहरा छापायचा तर साधारणपणे त्या माणसाची परवानगी हवी. आणि २०२२ मध्ये मेलबर्नमध्ये एका क्रिएटरने एकट्या बसलेल्या बाईंच्या हातात न विचारता फुलं दिली, व्हिडिओ लाखो लोकांनी प्रेमाने बघितला, आणि बाईंनी नंतर सांगितलं की मला माणूस म्हणून वागवलंच गेलं नाही असं वाटलं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा विचारायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण कॅमेऱ्यासमोर ‘हो’ म्हणताना आपली कुठली वीस सेकंदं उरणार आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

रूश आणि मोरँ यांनी फिल्म संपवायच्या आधी त्यात बोललेल्या लोकांना एका हॉलमध्ये बसवून ती दाखवली होती. कुणी म्हणालं हे खोटं वाटतंय, कुणी म्हणालं हे इतकं खासगी आहे की बघवत नाही, आपापसात वाद झाले, आणि तो सगळा वाद त्यांनी फिल्ममध्येच ठेवला.