काँक्रीटचा पापुद्रा आणि स्लॅबचा ढलपा: दुरुस्तीआधी ओळखायचा फरक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अंगणातले काँक्रीट सुटले तरी आणि छज्ज्याचा तुकडा खाली पडला तरी निदान एकच ऐकू येते, ते म्हणजे ‘सिमेंट कमी घातले’. हे दोन बिघाड मुळातच वेगळे आहेत. पहिला म्हणजे पापुद्रा, तो वरून आत जातो; दुसरा म्हणजे ढलपा, तो आतून बाहेर येतो.

पापुद्र्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. काँक्रीटवर आलेले पाणी निघून जाण्याआधीच ते घोटले, किंवा ते पाणी आटवण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरले, की वरचा थर कच्चा राहतो. त्यातून आपल्याकडची मे महिन्यातली लू, म्हणजे उष्ण कोरडे वारे, तो थर झटकन सुकवते. म्हणून ओले बारदान अंथरून तराई, म्हणजे काँक्रीट सतत ओले ठेवणे, नीट करावी. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २०००च्या आवृत्तीत कोरड्या, उष्ण हवेसाठी साध्या सिमेंटला किमान १० दिवस सांगितले आहेत आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटला १४ दिवसांची शिफारस आहे. कोरडे सिमेंट भुरभुरणाऱ्या कारागिराला मी तिथल्या तिथे थांबवतो.

खरी गफलत छताखाली होते, कारण तिथे नुसता गिलावा सुटला तरी आणि सळई गंजली तरी हातोडीच्या टिचकीला सारखाच पोकळ आवाज येतो. त्यामुळे आवाजावर न थांबता सुटलेला भाग काढून तो कुठून सुटला ते पाहावे. मागे काँक्रीटचा गुळगुळीत, अखंड तळ दिसला, तर गिलाव्याने पकड सोडली एवढेच. मात्र तुकड्याच्या पाठीवर सळईची तांबूस खाच उमटलेली असेल किंवा सळईच्या रेषेतच सरळ तडा गेला असेल, तर तो गंजाचा ढलपा होय. चांगल्या काँक्रीटमधील अल्कली सळईला गंजण्यापासून वाचवते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की ती घटते, मग ओल आणि हवा मिळताच सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीट फुटते.

अशा छतावर खालून पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग चढवणे मला मुळीच मान्य नाही: गच्चीवरून मुरणारे पाणी तसेच येत राहते, सुकण्याची वाट मात्र बंद होते आणि गंज रंगाआड वाढतो. आधी गच्चीची गळती थांबवावी, मग छताला टेकू देऊन सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडावे, तिचा सगळा घेर चकचकीत होईपर्यंत घासावा, गंजरोधक लेप द्यावा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावे. सळई बारीक झाली असेल, तर निर्णय संरचना अभियंत्यावर सोपवावा.

नव्या कामात कव्हर ब्लॉकशिवाय, म्हणजे सळई साच्याला टेकू न देणाऱ्या छोट्या ठोकळ्यांशिवाय, ओतकाम होऊ देऊ नये. सौम्य हवामानात स्लॅबच्या सळईवर साधारणपणे २० मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन लागते. छज्ज्याच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, त्यामुळे वर साचलेल्या पाण्याने त्या गंजल्या तरी खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. छज्ज्याची तपासणी शिडी लावून वरूनही करावी, भिंतीलगतचा तडा विशेष पाहावा आणि पाणी बाहेर पडेल असा उतार द्यावा.