आल्बर्ट कालव्याचे पूल आणि सेदाँचा पूल: मे १९४० मधील एक चिवट गफलत

मे १९४० मधील फ्रान्सच्या लढाईविषयी मराठीत कोणी लिहू लागले, की एक वाक्य हमखास येते: ब्रिटिशांच्या फेअरी बॅटल विमानांनी म्यूज नदीवरील पुलांवर आत्मघातकी हल्ले केले, त्यात गार्लंड आणि ग्रे यांना व्हिक्टोरिया क्रॉस ही ब्रिटनची सर्वोच्च शौर्यपदके मिळाली आणि ७१ पैकी ४० विमाने परत आली नाहीत. या वाक्यातील प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे खरा आहे. अख्खे वाक्य मात्र चुकीचे आहे. व्हिक्टोरिया क्रॉस १२ मेचे, ४० विमाने १४ मेची. पहिली घटना बेल्जियममधील आल्बर्ट कालव्यावर घडली, दुसरी फ्रान्समध्ये सेदाँजवळ म्यूज नदीवर, आणि दोन्ही ठिकाणांमध्ये शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. हे वाक्य मी भाषणांत ऐकले आहे, दिवाळी अंकांत वाचले आहे आणि एकदा प्रश्नमंजूषेच्या उत्तरपत्रिकेत ‘बरोबर उत्तर’ म्हणूनही पाहिले आहे.

गोंधळ होण्यासारखे साम्य आहे, हे मान्य केले पाहिजे. विमान तेच, आठवडा तोच, समोर जर्मनच, आणि रॉयल एअर फोर्सचे १२ क्रमांकाचे स्क्वाड्रन दोन्ही दिवशी हजर. त्यात विमानाच्या नावाने भर घातली आहे. ‘बॅटल’ हे विमानाचे विशेषनाम आहे, त्याचे भाषांतर होत नाही. तरी माझ्या एका लेखात संपादकांनी त्याचे ‘लढाऊ विमान’ करून टाकले होते. मराठीत लढाऊ विमान म्हणजे शत्रूच्या विमानाशी हवेत झुंजणारे विमान. बॅटल हे एका इंजिनाचे, तीन माणसांचे हलके बॉम्बफेकी विमान होते, आणि जर्मन लढाऊ विमान दिसल्यावर पळ काढण्याइतकाही वेग त्याच्यापाशी नव्हता. ‘हलके’ याचा अर्थ नाजूक असा नाही. चार बॉम्ब, प्रत्येकी २५० पौंडांचा, म्हणजे एकूण साडेचारशे किलोच्या आसपास ओझे, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा पुढे लागणार आहे.

गार्लंडची हकीकत बहुतेकांना पाठ असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. फ्रान्समधील आमिफोंतेनच्या तळावर १२ स्क्वाड्रनमध्ये स्वयंसेवक मागितले गेले, सगळेच पुढे आले, तेव्हा कामाच्या यादीत ज्यांची पाळी होती तेच गेले. सहा विमाने ठरली होती, पाच निघाली. फ्लाइंग ऑफिसर डोनाल्ड गार्लंड याच्या तीन विमानांनी फेल्डवेझेल्टच्या पुलावर अगदी खालून हल्ला केला. नॉर्मन थॉमस याच्या दोन विमानांनी फ्रूनहोफेनच्या पुलावर उंचीवरून सूर मारला. चार विमाने शत्रूच्या हद्दीत पडली, पाचवे मोडक्या अवस्थेत कसेबसे आपल्या बाजूला उतरले. फेल्डवेझेल्टच्या पुलाचे एक टोक नुकसान पावले. गार्लंड एकवीस वर्षांचा होता.

हे दोन्ही पूल ‘मास्ट्रिख्टचे पूल’ म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि त्या नावाचा मला मनस्वी राग आहे. मास्ट्रिख्ट हे नेदरलँड्समधील शहर. त्यातून म्यूज नदी वाहते, जिला तिथे मास म्हणतात. शहरातले नदीवरचे पूल डच सैनिकांनी १० मे रोजीच उडवले होते. गार्लंड ज्या पुलावर गेला तो शहराच्या पश्चिमेला, बेल्जियमच्या हद्दीत, आल्बर्ट कालव्यावर होता. ‘मास्ट्रिख्टचा पूल’ म्हटले की वाचक नकाशात नदी शोधतो, नदीवरून म्यूज गाठतो, आणि म्यूजवरून खाली सरकत थेट सेदाँला जाऊन पोहोचतो. अर्धी गफलत या एका नावाने केलेली आहे. ‘आल्बर्ट कालव्याचे पूल’ असे लिहावे. दोन अक्षरे जास्त खर्च होतील, एवढेच.

तारीख, ठिकाण, विमानांची संख्या हे फरक कोणत्याही कोष्टकात सापडतात आणि ते सुधारले की लेखक समाधान पावतो. खरी अडचण पुढे आहे. दोन्ही ठिकाणी ‘पूल’ हा एकच शब्द वापरल्यामुळे दोन्ही मोहिमांचे लक्ष्य एकाच जातीचे होते असे आपण गृहीत धरतो. ते तसे नव्हते. आल्बर्ट कालव्यावरचे पूल पक्के होते, वर्षानुवर्षे वाहतुकीसाठी बांधलेले, आणि जर्मनांनी ते बांधले नव्हते, बळकावले होते. सेदाँजवळ गोलिए येथे जर्मन अभियंता दलाने होड्यांवर फळ्या टाकून एका रात्रीत उभा केलेला पाँटून पूल होता. एक पूल शत्रूच्या हाती लागलेला, दुसरा शत्रूने केलेला. एक उडवायचा राहून गेलेला, दुसरा आदल्या दिवशी अस्तित्वातच नसलेला. बॉम्बने या दोघांचे काय होते, हे अगदी वेगळे आहे.

आधी पक्क्या पुलाचे पाहू. १० मेच्या पहाटे जर्मन छत्रीधारी सैनिक ग्लायडरमधून थेट पुलांपाशी उतरले. त्यांच्या तुकड्यांची सांकेतिक नावेच बोलकी आहेत: फ्रूनहोफेनवर गेलेल्या तुकडीचे नाव ‘काँक्रीट’, फेल्डवेझेल्टवरची ‘पोलाद’, कानेवरची ‘लोखंड’, आणि शेजारच्या एबेन-एमाएल किल्ल्यावर उतरलेली ‘ग्रॅनाइट’. बेल्जियन सैन्याने या पुलांत सुरुंग आधीच भरून ठेवले होते. जर्मनांचे पहिले काम ते निकामी करण्याचे होते. फेल्डवेझेल्ट आणि फ्रूनहोफेन येथे त्यांना ते वेळेत साधले. कानेचा पूल मात्र त्यांच्या हाती लागण्यापूर्वीच बेल्जियनांनी उडवून दिला.

सुरुंगवाला पुलाच्या नेमक्या सांध्याशी, पोलादाला चिकटवून किंवा खांबाच्या पोटात, दारू ठेवतो. स्फोटाचा सगळा जोर तिथेच खर्च होतो. विमानातून टाकलेला २५० पौंडांचा बॉम्ब पुलाच्या मधोमध पडला, तरी पोलादी सांगाड्याच्या मोकळ्या जागांतून त्याचा जोर हवेत विरून जातो; रस्त्याला भोक पडते, एखादी तुळई वाकते आणि पूल उभा राहतो. म्हणजे आल्बर्ट कालव्यावर सुरुंगवाल्याचे राहिलेले काम वैमानिकाला सांगितले गेले होते, आणि तेही त्या कामाला न पुरणारे हत्यार देऊन. ब्रिटिशांच्या आदल्याच दिवशी, ११ मे रोजी, बेल्जियन हवाई दलाच्या ९ बॅटल विमानांनी याच कालव्याच्या पुलांवर हल्ला केला होता. त्यांच्याजवळ तर जेमतेम ५० किलोचेच बॉम्ब होते. ६ विमाने नष्ट झाली आणि पूल जागच्या जागी राहिले.

त्यात पुन्हा तो बॉम्ब पुलावर पडायचा कसा, हा प्रश्न आहेच. बॅटलमध्ये ऑब्झर्व्हर वैमानिकाच्या आसनाखाली पालथा पडून विमानाच्या तळातल्या झडपेतून नेम धरीत असे. पण जमिनीलगत उडताना त्याच्या नेम धरण्याच्या यंत्राचा काही उपयोग नसतो, तेव्हा वैमानिकच अंदाजाने बॉम्ब सोडतो. हिशेब करून पाहावा. ताशी ३६० किलोमीटर वेग धरला तर विमान सेकंदाला १०० मीटर कापते. तीस मीटर उंचीवरून सुटलेला बॉम्ब सुमारे अडीच सेकंदांत खाली येतो, म्हणजे तो लक्ष्याच्या अडीचशे मीटर आधी सोडला पाहिजे. दहा मीटर रुंदीचा पूल आडवा ओलांडायला एक दशांश सेकंद लागतो. चूक करायला तेवढीच मुभा. पुलाच्या लांबीच्या दिशेने आले तर मुभा वाढते, पण तोफवालेही त्याच रेषेवर तोफा लावून बसलेले असतात. शिवाय इतक्या खालून टाकलेला बॉम्ब जवळजवळ आडवा येतो आणि पाण्यावर भाकरी खेळवावी तसा उडी मारून पुढे जाऊ शकतो. आपल्याच बॉम्बने आपले विमान फुटू नये म्हणून त्याला ११ सेकंदांच्या विलंबाची पेटवणी असे, आणि त्या ११ सेकंदांत मागून येणाऱ्या सोबत्याने एकतर आत घुसायचे किंवा फिरून यायचे. फिरून येणे म्हणजे त्याच तोफांवरून दुसऱ्यांदा जाणे.

आता सेदाँ. जर्मन सेनापती गुडेरियनच्या १९ व्या पँझर (रणगाडा) कोअरने १३ मे रोजी म्यूज ओलांडली आणि त्या रात्री गोलिएचा पाँटून पूल पुरा झाला; १४ मेच्या सकाळी त्यावरून रणगाडे पलीकडे जाऊ लागले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे काम ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहे, त्यांना अशा पुलाचा स्वभाव वेगळा समजावून सांगायला नको. तो तुकड्यातुकड्यांचा असतो. पातळ पत्र्याच्या होड्या, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या. पक्क्या पुलाला जो बॉम्ब ओरखडा काढतो, तोच इथे शेजारच्या पाण्यात पडला तरी होडीच्या पत्र्याला भोके पाडू शकतो. म्हणजे हा पूल मोडायला सोपा. पण काठावर सुट्या होड्या रचून ठेवलेल्या असतात आणि ज्यांनी तो रात्री बांधला ती माणसे तिथेच उभी असतात. मोडलेला तुकडा सोडवून प्रवाहात ढकलायचा, नवा आणून जोडायचा. थोडक्यात, पक्का पूल मोडता मोडत नाही, आणि पाँटून पूल मोडला तरी मोडलेला राहत नाही.

म्हणून सेदाँला एका धाडसी हल्ल्याचा प्रश्न नव्हता. तिथे दिवसभर, थांबून थांबून का होईना, सतत मारा होत राहिला असता तरच दुरुस्तीचा वेग मागे पडला असता. प्रत्यक्षात सकाळी १०३ आणि १५० स्क्वाड्रनची १० विमाने गेली आणि सगळी परतली. दुपारी फ्रेंच बॉम्बफेकी विमाने गेली, त्यांत अमिओ १४३ सारखी जुनाट विमाने दिवसाउजेडी पाठवावी लागली. मग दुपार कलताना ब्रिटिशांनी होते नव्हते ते सगळे झोकले: ६३ बॅटल आणि ८ ब्लेनहाइम, म्हणजे दोन इंजिनांची बॉम्बफेकी विमाने. त्यांपैकी ३५ बॅटल आणि ५ ब्लेनहाइम परत आली नाहीत. २१८ स्क्वाड्रनची ११ पैकी १० नष्ट झाली, १५० ची चारही नष्ट झाली, ८८ चे मात्र १० पैकी एकच नष्ट झाले. तोपर्यंत जर्मनांनी पुलाभोवती शेकडो विमानविरोधी तोफा आणून ठेवल्या होत्या आणि वर त्यांची लढाऊ विमाने घिरट्या घालीत होती. एवढ्या मोठ्या मोहिमेत इतक्या प्रमाणात हानी ब्रिटिश हवाई दलाने त्यानंतरही कधी सोसली नाही. पूल थोडा वेळ खोळंबला असेल. तो बंद पडला नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आल्बर्ट कालव्यावरून येणारे सैन्य हे जर्मनांच्या डावातले दाखवायचे दात होते. दोस्तांनी उत्तरेकडे धावून यावे यासाठीच ती चाल होती, आणि दोस्त धावले. खायचे दात आर्डेनच्या जंगलातून सेदाँला येत होते. १२ मे रोजी कालव्याचा पूल पडला असता तर खोटी चाल मंदावली असती. १४ मे रोजी गोलिएचा पूल दिवसभर तुटलेला राहिला असता तर खरी चाल अडली असती, कारण त्या सकाळी एका पँझर डिव्हिजनचे रणगाडे त्या एका फळीवरून एकामागून एक जात होते. फ्रेंच सेनापती बिलोत यांना हे कळले होते आणि जय-पराजय या पुलांवर ठरणार असे सांगूनच त्यांनी विमाने मागितली होती. १२ मे रोजी आदेश देणाऱ्यांना मूर्ख म्हणण्याची जी पद्धत आहे ती मला मान्य नाही. त्या दिवशी हाती असलेल्या बातम्यांवरून उत्तरेकडचाच पूल महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक होते. दोष द्यायचाच असेल तर तो ४८ तासांच्या उशिराला द्यावा. १० मेच्या दुपारी त्या पुलांपाशी मूठभर छत्रीधारी होते. १२ मेच्या सकाळी तिथे तोफांचे रान माजले होते.

‘आत्मघातकी’ हे विशेषणही मला नको आहे. दोन्ही दिवशी गेलेल्या माणसांना परत यायचे होते, त्यासाठीच ते जमिनीलगत उडाले, ढगांचा आडोसा शोधला आणि विलंबाच्या पेटवण्या वापरल्या. त्यांना पाठवणाऱ्यांनाही ती परत हवी होती, कारण विमानांपेक्षा शिकलेली माणसे दुर्मीळ होती.

राहता राहिला व्हिक्टोरिया क्रॉस. ‘बॅटलच्या चालकदलाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला’ असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा तेही अर्धवट असते. विमानात तिघे होते. वैमानिक गार्लंड आणि ऑब्झर्व्हर सार्जंट टॉमस ग्रे यांना तो मरणोत्तर मिळाला, आणि त्या युद्धात हवाई दलाला मिळालेले ते पहिलेच. मागच्या बाजूला एका मशीनगनपाशी उलट्या तोंडाने बसलेला लीडिंग एअरक्राफ्टमन लॉरेन्स रेनल्ड्स याला कोणतेच पदक मिळाले नाही. तिघेही बेल्जियममध्ये हेवेर्ले येथील युद्धस्मशानभूमीत आहेत.