मे महिन्याचं घर : कोकणातल्या उन्हाळी सुट्टीची पार्श्वभूमी

सुट्टी लागली की मुलं मुंबईहून गावी निघतात, ही चाल कोकणात फार तर तीन-चार पिढ्यांची आहे. त्याआधी मुलं गावातच असत आणि पाहुणा म्हणून यायचा तो बाप. 1850 नंतर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातले (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता) गडी बोटीने तिकडे गेले, ते एकटे. एका खोलीत वीस-तीस जण, पाळीपाळीने झोपणारे, जेवण खानावळीत. बायको, मुलं, म्हातारी माणसं आणि गुरं घरी. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. त्या आकड्याची मुळं तिथपर्यंत जातात.

हा बाप शिमग्याला आणि गणपतीला येई, तसा मे महिन्यातही येई. मेमध्ये यायला कारण होतं. लग्नं याच दिवसांत, आणि मृग 7 जूनच्या आसपास लागतो. त्याआधी कौलं परतायची, वाशांना वाळवी लागली असेल तर बदलायचे, गवताचं छप्पर असेल तर शाकारायचं, जळाऊ लाकडं पडवीत रचून ठेवायची. गिरण्यांमध्ये एप्रिल ते जून गैरहजेरी वाढायची आणि बदली कामगारांना काम मिळायचं ते यामुळेच. परतायची घाईही मोठी, कारण पावसाळ्यात बोट बंद. एकदा बोट चुकली की घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून रेल्वे धरायची.

कुटुंबं चाळीत यायला लागली ती हळूहळू, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत हे प्रमाण वाढलं. आई मुंबईला गेली, मुलं महापालिकेच्या शाळेत बसली, आणि गावच्या घरी आजी, एखादी काकी आणि धाकटा काका राहिला. इथे खरी सुट्टी सुरू झाली. शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडायच्या, म्हणजे मृग लागल्यावर. शाळेचं वेळापत्रक आणि घराचं वेळापत्रक असं आपसूक जुळलं होतं.

मला जवळून माहीत आहे तो काळ 1970 ते 1990 चा, म्हणून त्यावर जरा थांबतो. एसटी तिठ्यावर सोडायची आणि तिथून पुढे चालत. ‘मुंबयकार इले’ ही बातमी आमच्याआधी घरी पोचलेली असायची. पहिले दोन दिवस लाड, तिसऱ्या दिवसापासून काम. आम्हांला ते काम वाटत नसे, पण कामच होतं ते. पहाटे रायवळाखाली, म्हणजे बाठ्यापासून उगवलेल्या गावठी आंब्याखाली, पडलेले आंबे गोळा करायचे. उशिरा उठलं तर ते वाडीतल्या दुसऱ्या पोरांचे. काका घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर, आम्ही खाली. आंबे माळ्यावर गवताच्या आढीत लावायचे आणि रोज नाकाने हुंगून पिकलेला वेगळा काढायचा. रतांबे (कोकमाची फळं) फोडून बिया वेगळ्या करायच्या, सालं खळ्यात म्हणजे अंगणात पसरायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा मीठ घातलेल्या रसात बुडवायची. आमसुलांना अशी पुटं चार-पाच दिवस तरी चढत राहायची. आंब्याची साठं ताटांत, पापड जुन्या लुगड्यावर, आणि त्यांवर कावळे, कोंबड्या येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसायचं ते लहान मुलांनीच. काजूच्या बिया भाजताना तेल उडून माझ्या मनगटावर पडलेला डाग अजून आहे.

हे सगळं पावसाळ्याच्या बेगमीसाठी. पंधरा-वीस माणसं महिनाभर आली म्हणजे खाणारी तोंडं वाढली, तसे हातही वाढले. सुट्टीच्या आठवणी सांगताना आंबे, करवंदं आणि विहिरीवरची आंघोळ पुढे येते. आजी आणि काकी पहाटे चारला चूल पेटवायच्या, हे मागे पडतं. वर्षाचे अकरा महिने घर त्यांनी उघडं ठेवलं म्हणून बाराव्या महिन्यात आम्हांला ते भरलेलं मिळालं.

आता ज्या शब्दावरून वाद झाला, तो ‘चाकरमानी’, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेला कोकणातला माणूस. 2025 च्या गणपतीआधी राज्य सरकारच्या पातळीवरून निर्देश निघाला की सरकारी कामकाजात ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावं. मागणी काही संघटनांची होती. त्यांचं म्हणणं, चाकर म्हणजे नोकर. ज्यांच्या घामावर गिरण्या आणि गोदी चालली त्यांना तीन पिढ्यांनंतरही नोकर का म्हणायचं? हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण गावात हा शब्द हिणवण्यासाठी वापरलेला मी तरी ऐकलेला नाही. तिथे चाकरमानी म्हणजे ज्याच्या मनीऑर्डरवर वाण्याची उधारी फिटते तो. काही जण शब्दातला ‘मान’ दाखवून ‘चाकरी करून मान मिळवलेला’ असाही अर्थ सांगतात. व्युत्पत्ती म्हणून तो टिकेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण लोकांच्या मनात शब्दाला वजन कसलं होतं ते त्यातून कळतं.

माझी अडचण नव्या शब्दाशी आहे. कोकणवासीय म्हणजे कोकणात राहणारा. मग वर्षभर तिथे राहून भात लावणारी, गुरं सांभाळणारी, बंद घरांच्या अंगणातला पालापाचोळा काढणारी माणसं कोण? जुना शब्द निदान जाणारा आणि राहणारा यांत फरक करत होता. नव्याने तो पुसला जातो, आणि पुसला जाताना राहणाऱ्याचं नाव येणाऱ्याला मिळतं. दुसरी गोष्ट, चाकरमानी हा शब्द मुळात एकट्या पुरुषाचा. घरी राहिलेल्या बाईला त्यात जागा नव्हती, आणि मेमध्ये येणाऱ्या मुलांनाही नाही. मुलं ‘मुंबयची पोरां’. नाव बदलायचंच होतं तर या बायकांसाठी एखादा शब्द शोधायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

जमिनीचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. 1949 च्या कायद्याने खोती (गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची पद्धत) गेली, 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कुळं मालक झाली, आणि सातबारावर नावं वाढत गेली. सगळे भाऊ एकत्र सापडत ते मेमध्येच, म्हणून वाटणीची बोलणीही मेमध्येच. एका ओटीला तीन दारं आणि माजघरात तीन चुली झालेली घरं त्यातून आली. मुलांना मात्र तिन्ही चुलींवर जेवायची मुभा असे.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि मनीऑर्डर आटली. त्या उन्हाळ्यात आलेली काही मुलं जूनमध्ये परत गेलीच नाहीत. त्यांची नावं गावच्या शाळेत घातली गेली. ज्यांनी मुंबई सोडली नाही ते पुढे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकले. 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग योजना आली, डोंगर हापूस आणि काजूने भरले, राखणीला नेपाळी गडी आले, आणि रायवळाची कितीतरी झाडं लाकडासाठी गेली. पहाटे गोळा करायचा आंबा आता कुणाच्या तरी पेटीतला झाला होता. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. प्रवास रात्रीचा झाला आणि मुक्काम महिन्याचा आठ दिवसांवर आला. महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, ते पुढे वर्षानुवर्षं रखडत राहिलं.

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा कमी भरली. आजी गेली, काकी मुलाकडे गेली, किल्ली शेजाऱ्याकडे. 2020 च्या मेमध्ये मुंबईहून आलेल्या मुलांनी सुट्टीचे पहिले चौदा दिवस गावच्या शाळेच्या वर्गात काढले. काही वाडींनी रस्त्यावर दगड आणि फांद्या टाकल्या होत्या. दोन्ही बाजूंना भीती होती हे खरं. पण बंद घर उघडायला येणाऱ्याला परकं मानायला गावाला फार वेळ लागला नाही, हेही खरं. नंतर काही घरांवर कौलांच्या जागी पत्रा चढला, परतणीचं काम संपलं.

2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत नेणारं वेळापत्रक निघालं. गावाची तिकिटं आधीच काढलेल्या पालकांनी त्याला विरोध केला. त्याच वर्षी मोसमी पाऊस 25 मे रोजी सिंधुदुर्गात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचला. त्याआधीचे काही दिवसही पावसाचेच होते. आमच्या वाडीत त्या वर्षी सात घरं उघडली होती. रतांब्याची सालं दोन पुटं चढल्यावर खळ्यातून उचलून ओटीवर आणली, आणि ती तिथेच बुरसली.