हिट अँड मिस इंजिनाची प्रतिकृती

हिट अँड मिस इंजिनाची प्रतिकृती : जुन्या धाटणीच्या, एका सिलिंडरच्या चार धावी (फोर-स्ट्रोक) पेट्रोल इंजिनाची घरच्या कारखान्यात घडवलेली, प्रत्यक्ष चालणारी छोटी आवृत्ती. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की या इंजिनातले स्फोट थांबतात. फ्लायव्हील या जड चाकाच्या जोरावर ते काही फेरे नुसतेच फिरते आणि वेग उतरला की पुन्हा एक ठोका पडतो. लागलेला ठोका म्हणजे ‘हिट’, हुकलेला म्हणजे ‘मिस’. या नोंदीतील घडणीचे तपशील नागपुरातील घरगुती कारखाना डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत.

नावाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ते आवाजावरून पडले: ठप्प, मग सुस्-सुस्-सुस् करत गेलेले आठ-दहा फेरे, मग पुन्हा ठप्प. दुसरे मत यंत्रणेकडे बोट दाखवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ब्रिटिश गॅस इंजिनांत गॅसच्या झडपेसमोर पोलादाची एक लहान पाती असे. वेग बेताचा असला की ती झडपेच्या दांडीवर नेमकी बसून तिला ढकले. वेग वाढला की बाजूला होऊन हुके. म्हणजे लागणे-हुकणे मुळात पातीचे, स्फोटाचे नंतर. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. एक्झॉस्टची, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी, झडप उघडी धरून ठेवणाऱ्या प्रकारात अशी ठोकणारी पाती नसते, तिथे झडप मिटू न देणारी अडकण असते. तरीही नाव तेच आहे. तेव्हा ते आधीच्या प्रकाराकडून पुढच्याकडे चालत आले असावे.

नियंत्रणाची ही तऱ्हा एका कोणाच्या नावावर टाकणे अवघड आहे. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाचे चार धावी इंजिन 1876 चे. त्याच्या जर्मन पेटंटातील मुख्य दावा 1886 मध्ये रद्द झाला, कारण बो द रोशास या फ्रेंच अभियंत्याने चार धावांचे तत्त्व 1862 मध्येच मांडले होते. ऑटोचे अमेरिकी पेटंट 1877 चे. त्याची 17 वर्षांची मुदत 1894 मध्ये संपली. शेतावर पंप, करवत, चक्की चालवणाऱ्या लहान इंजिनांची अमेरिकेतील लाट साधारणतः यानंतरची मानावी. इंटरनॅशनल हार्वेस्टर, फेअरबँक्स-मोर्स, फुलर अँड जॉन्सन ही त्या पिढीतील ठळक नावे. जॉन डिअरचे ‘ई’ प्रकारचे इंजिन 1940 च्या दशकापर्यंत तयार होत होते. प्रतिकृती करणारे बहुधा याच पिढीतले एखादे इंजिन समोर ठेवतात.

विदर्भात पिठाच्या गिरणीच्या पुक-पुक इंजिनालाही पुष्कळदा हेच नाव दिले जाते. ते बरोबर नाही. गिरणीवर आणि विहिरीवर आपण ऐकले ते मंदगती डिझेल इंजिन: लिस्टर या ब्रिटिश कंपनीच्या घडणीचे, किंवा 1946 मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांचे. त्यात गव्हर्नर, म्हणजे वेग राखणारी यंत्रणा, डिझेलची मात्रा कमी-जास्त करतो, ठोका गाळत नाही.

यंत्रणा : हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी झडप कॅमवर, म्हणजे उंचवटा असलेल्या फिरत्या चकतीवर, चालत नाही. तिची स्प्रिंग बॉलपेनच्या स्प्रिंगइतकी हलकी असते आणि पिस्टन मागे सरताना पडणाऱ्या पोकळीने झडप आपोआप उघडते. एक्झॉस्टची झडप मात्र कॅम, ढकलदांडा आणि रॉकर ही तरफ मिळून उघडतात. फ्लायव्हीलवरची दोन वजने वेग वाढताच बाहेर फाकतात, क्रँकशाफ्टवरची (मुख्य आसावरची) बाही सरकवतात आणि अडकण ढकलदांड्यावरच्या खाचेत जाऊन बसते. एक्झॉस्ट उघडीच राहते. पिस्टन त्याच वाटेने हवा आत-बाहेर करत राहतो, पोकळी पडत नाही, त्यामुळे आत घेणारी झडप हलत नाही आणि पेट्रोलचा थेंबही जात नाही.

अडकणीच्या या जागी बहुतेक प्रतिकृती फसतात, म्हणून थोडे सविस्तर. कॅमची उचल पुरी झाली की ढकलदांडा अडकणीच्या किंचित पुढे गेला पाहिजे. लहान इंजिनात पाव मिलिमीटरच्या आसपास पुरते. एवढ्या क्षणापुरता अडकणीवरचा भार उतरतो आणि वेग कमी झाला असेल तर ती सुटते. हे अंतर ठेवले नाही तर झडपेच्या स्प्रिंगचा सगळा दाब अडकणीवर बसून राहतो; वजने आत येऊ पाहतात, अडकण सुटत नाही आणि इंजिन फिरता फिरता गप्प होते. अंतर जास्त झाले तर प्रत्येक आवर्तनात दांडा मागे येऊन अडकणीवर आपटतो, टक्-टक् ऐकू येते आणि दोन्ही कडा गोल होऊ लागतात. त्या कडा पाणी देऊन कठीण केलेल्याच हव्यात. बिघाड शोधताना कार्बोरेटरला हात लावण्याआधी इथे भिंग धरून पाहावे.

प्रमाण : इंजिन लहान करताना सगळ्या गोष्टी सारख्या लहान होत नाहीत. फेरे तेवढेच ठेवले तर फ्लायव्हीलमध्ये साठणारी ऊर्जा मापाच्या पाचव्या घातात घटते, तर मिश्रण दाबायला लागणारी ऊर्जा तिसऱ्या घातात. निम्म्या मापाच्या चाकात मूळच्या 32 वा हिस्सा ऊर्जा राहते, दाबण्याचे काम मात्र आठवा हिस्सा मागते. हा हिशोब जुळवायचा तर मूळ मिनिटाला 400 फेऱ्यांचे इंजिन निम्म्या मापात 800 फेऱ्यांनी आणि पाव मापात 1600 फेऱ्यांनी पळवावे लागेल. मग हुकलेले फेरे मोजण्यातली सारी मजा गेली! यावर तडजोड अशी: दाबगुणोत्तर (मिश्रण किती पट दाबले जाते ते) चाराच्या आसपास ठेवायचे, चाकाची बाहेरची कड मूळ प्रमाणापेक्षा जाड करायची आणि घर्षण जमेल तितके काढायचे. बॉल बेअरिंग की गनमेटलचे बुश, यावर हौशी मंडळींत एकमत नाही. मूळ रूप बुशनेच शोभते. पण पाव मापाच्या पहिल्या इंजिनाला टोपीखाली लपवलेली बॉल बेअरिंग बसवण्यात काही कमीपणा नाही.

घडण : सळ्या, पट्ट्या, पितळ, नटबोल्ट यांसाठी नागपुरात इतवारीतील लोहाओळी जवळची. सिलिंडरचे अस्तर आणि रिंगा बिडाच्या कराव्यात. चाक ओतून घ्यायचे तर आधी लाकडी साचा लागतो. चंद्रपूरकडचे सागवान त्याला चांगले, आणि तान्ह्या पोळ्याचे चाकांवरचे बैल घडवणाऱ्या सुताराच्या हाताला ही कारागिरी परकी नाही. बीड थंड होताना सुमारे 1 टक्का आक्रसते, म्हणून 150 मिलिमीटरच्या चाकाचा साचा दीड मिलिमीटरने मोठा धरावा आणि लेथवर उतरवायची जाडी त्यावर वेगळी सोडावी. बेंचवरच्या लहान लेथवर एवढे चाक बसत नसेल तर तेवढेच काम हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडून करून घेता येते. कॅमचा गिअर क्रँकच्या गिअरच्या दुप्पट दातांचा. ठिणगीला मोपेडची कॉइल, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारा संपर्क) आणि कंडेन्सर चालतात.

नागपूरच्या हवेचा विचार मापे घेतानाच करावा लागतो. जानेवारीतल्या पहाटेचे 12 अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे 45, या फरकाने 25 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ 0.01 मिलिमीटर जास्त फुगतो. रिंगांमुळे हे निभावते; रिंगांविना लॅप केलेल्या (घासून तंतोतंत बसवलेल्या) पिस्टनला निभावत नाही. म्हणून दोन्ही भाग एकाच वेळी, रात्रभर शेजारी शेजारी ठेवून मोजावेत. लेथवरून नुकताच उतरलेला गरम पिस्टन कधीच मोजू नये.

पहिली चाचणी पेट्रोलविना. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून चाक हाताने फिरवावे. दाबाच्या धावेला अंगठा उचलला गेला पाहिजे आणि सोडताना ‘फट्’ आवाज आला पाहिजे. नुसती फुसफूस आली तर झडपा पुन्हा पेस्टने घासायच्या. नवे इंजिन कडक असते, दर दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला ठोका मागते. काही तास चालून मुरले की हुकलेले फेरे वाढू लागतात. बिनभाराच्या इंजिनाने दोन ठोक्यांमध्ये किती फेरे काढले, ही या कामाची खरी मोजणी: गळती, घर्षण, चाकाचा तोल, अडकण, सगळे त्या एका आकड्यात उतरते.

थंड करायला सिलिंडरभोवतीच्या उघड्या हौदातले पाणी पुरते. ते तापते, वाफाळते, वरून भरत राहायचे. उन्हाळ्यात पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पायथ्यातच, सावलीत आणि नळी आखूड ठेवावी, नाहीतर नळीत वाफ धरते. पेट्रोल साठवण्याचे नियम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल 1934 च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार परवान्याविना 30 लिटरपर्यंत ठेवता येते, काचेच्या भांड्यात मात्र एका भांड्यात 1 लिटरच. प्रतिकृतीला एका बैठकीत चहाच्या कपाएवढेही लागत नाही.