माणा: वेशीवरच्या गावाचं नाव आणि त्यामागची वाट

बद्रीनाथला गेलेला मराठी यात्रेकरू दर्शन आटोपलं की हमखास माण्याला जाऊन येतो. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. व्यास गुंफा, गणेश गुंफा, सरस्वती नदीवर आडवी पडलेली प्रचंड शिळा म्हणजे भीमपूल, एवढं पाहायचं, चहा घ्यायचा आणि परतायचं. कित्येक वर्षं इथं ‘भारतातील शेवटचं गाव’ म्हणून फोटो काढले जात. ऑक्टोबर २०२२मध्ये पंतप्रधान माण्यात आले आणि सीमेवरचं प्रत्येक गाव हे देशातलं पहिलं गाव मानायला हवं, असं तिथल्या सभेत म्हणाले. एप्रिल २०२३मध्ये सीमा रस्ते संघटनेनं ‘भारतातील पहिलं गाव’ अशी पाटी लावली. मला मात्र ‘शेवटचं’ आणि ‘पहिलं’ ही दोन्ही विशेषणं फार अलीकडची वाटतात. हे गाव टोकावरचं नव्हतंच, ते वाटेवरचं होतं. आणि त्याच्या नावाची जी कथा गावात सांगतात, तीही वाटेचीच आहे.

कथा अशी की माण्याचं मूळ नाव मणिभद्रपूर. मणिभद्र हा यक्ष, कुबेराचा सेनापती. कुबेराची अलकापुरी याच खोऱ्यात असल्याची श्रद्धा आहे. सतोपंथ आणि भगीरथ खडक या हिमनद्यांच्या तोंडाशी, अलकनंदेच्या उगमाजवळच्या जागेला आजही अलकापुरी म्हणतात. बद्रीनाथच्या मंदिरात विष्णूसोबत कुबेरही आहे. धनी इथं असेल, तर त्याचा सेनापती शेजारच्या गावाला नाव देणार, हे ओघानंच आलं.

गावांच्या रांगड्या नावांना मागाहून संस्कृत वस्त्र चढवायची आपल्याकडे जुनी रीत आहे, हे खरं. मणिभद्रपूर झिजत झिजत माणा झालं असं छातीठोकपणे सांगायला भाषाशास्त्राचा पुरावा हवा, आणि लोककथा म्हणजे पुरावा नव्हे. पण जोडायला देव निवडला तो मणिभद्रच, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण मणिभद्र हा व्यापारी तांड्यांचा देव. महाभारताच्या वनपर्वात, रानात भटकणारी दमयंती एका तांड्याला भेटते, तेव्हा तांड्याचा नायक यक्षराज मणिभद्राची कृपा भाकतो. पुढं रानहत्ती तांडा तुडवतात, तेव्हा वाचलेले लोक म्हणतात, आपलं मणिभद्राचं पूजन राहिलं असणार. ग्वाल्हेरजवळच्या पवायाला मणिभद्राची दोन हजार वर्षांच्या आसपासची मूर्ती सापडली. भक्तांच्या मंडळीनं ती बसवल्याचं तिच्या पायथ्याच्या लेखात कोरलेलं आहे. वाटेत राखण कर आणि माल सुखरूप पोचव, एवढंच त्या काळचा व्यापारी या देवाकडे मागत असणार.

माण्याचे लोकही तांड्यांचेच. ते भोटिया समाजातले मारछा. त्यांची रोंगपा बोली तिबेटी-बर्मी कुळातली. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की धान्य, गूळ, कापड शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर लादून ते साडेपाच हजार मीटरांहून उंच माणा खिंड ओलांडत आणि तिबेटातून मीठ, लोकर, टाकणखार घेऊन येत. शेळीच्या पाठीवरून व्यापार, हे ऐकायला नवल वाटतं. पण त्या चढावर घोडं जिथं अडखळतं, तिथून शेळी निघून जाते.

या वाटेचा एक धागा थेट गोव्याला जाऊन मिळतो. १६२४मध्ये आंतोनियो द आंद्राद हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री आग्र्याहून निघाला, बद्रीनाथच्या यात्रेकरूंच्या मेळ्यात मिसळला, माण्याहून खिंड चढून गेला आणि तिबेटातल्या गुगे राज्याच्या राजधानीत, त्सापरांगला पोचला. खिंडीतल्या बर्फानं त्याचे अतोनात हाल झाले. त्याच्या प्रवासाचा वृत्तांत १६२६मध्ये लिस्बनला छापला गेला. पुढं तो गोव्याला परतला आणि १६३४मध्ये तिथंच वारला. युरोपाला या वाटेची खबर त्याच्यामुळं लागली. माण्याच्या माणसाला ती पाठ होतीच.

२९ एप्रिल १९५४च्या भारत-चीन करारात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी सहा खिंडी नावानिशी नोंदल्या होत्या. माणा त्यांतली एक. कराराची मुदत १९६२च्या जूनमध्ये संपली, त्याच वर्षी युद्ध झालं, आणि शतकानुशतकांची वाट बंद पडली. तांडे थांबले, मेंढ्यांचे कळप आटले. वाटेवरचं गाव एका मोसमात टोकाचं गाव झालं. १९६७मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. नोकरी-शिक्षणाची दारं त्यामुळं उघडली, खिंडीचं दार मात्र बंदच राहिलं.

तरी गावाचा जुना क्रम पुरता मोडलेला नाही. हिवाळा आला की माणा रिकामं होतं, माणसं खालच्या गावांत उतरतात. लोकरीचं विणकाम टिकून आहे. आल्याचा चहा विकता विकता बायका दारात बसून टोप्या, मोजे विणत असतात. आणि दर वर्षी बद्रीनाथाची कपाटं, म्हणजे मंदिराची दारं, हिवाळ्यासाठी बंद होतात त्या दिवशी माण्याच्या कुमारिकांनी विणलेलं लोकरीचं कांबळं तुपात भिजवून देवाच्या अंगावर घालतात. ते घृतकंबल पांघरूनच बद्रीविशाल सहा महिने बर्फाखाली राहतो. वसंतात कपाटं उघडली की ते उतरवून भाविकांना प्रसाद म्हणून वाटतात, आणि तोवर माण्याची माणसंही घरं उघडायला वर निघालेली असतात.