लाल मुनिया : घरटे व प्रजनन

लाल मुनिया (ॲमँडाव्हा ॲमँडाव्हा) हा एस्ट्रिल्डिडी कुलातील सुमारे १० सेंमी. लांबीचा, मुख्यतः गवताच्या बियांवर जगणारा पक्षी. मुनियांना सैलपणे फिंच म्हटले जात असले, तरी खऱ्या फिंचांचे कुल (फ्रिंजिलिडी) वेगळे आहे. १७५८ मध्ये लिनीअस यांनीही ही जाती फ्रिंजिला प्रजातीतच घातली होती.

भारतात विणीचा हंगाम प्रामुख्याने पावसाळ्यात व त्यानंतर असतो. प्रदेशपरत्वे तो मागेपुढे होतो. या काळात नर पांढऱ्या ठिपक्यांसह गडद लाल होतो. हंगाम सरला की हा पिसारा झडून नर जवळजवळ मादीसारखा करडा-तपकिरी दिसतो. असा ऋतुमानानुसार होणारा पालट या कुलात अपवादात्मकच.

घरटे गोलसर, गवताच्या पात्यांचे, जमिनीपासून फार उंच नसलेल्या झुडपात किंवा दाट गवतात असते. प्रवेश बाजूने; आत मऊ गवत व पिसे अंथरलेली. मादी साधारणतः ४ ते ६ शुभ्र अंडी घालते व ती नर-मादी दोघेही उबवतात.

पिलांच्या तोंडातील खुणा हा वादाचा विषय आहे. एस्ट्रिल्डिडी कुलातील पिलांच्या टाळूवर व जिभेवर गडद ठिपके असतात, काहींच्या चोचीच्या कडांना उजळ गाठी. आफ्रिकेतील विडुआ पक्षी याच कुलातील पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालतात आणि त्यांच्या पिलांचे तोंड यजमानाच्या पिलांशी मिळतेजुळते असते. त्यावरून, परके पिलू ओळखता यावे म्हणून या खुणा उत्क्रांत झाल्या असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार बंद घरट्याच्या अंधुक उजेडात घास नेमका कुठे द्यायचा, हे त्या दाखवतात. विडुआ मूळचे आफ्रिकेचेच. ते जेथे नाहीत तेथील मुनियांच्या पिलांतही खुणा आढळतात, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोन्ही कारणे एकाच वेळी लागू असणे अशक्य नाही.

ठिपकेवाली मुनिया बहुधा काटेरी झुडपात मोठे, ओबडधोबड घरटे बांधते, तर पांढऱ्या कंठाची मुनिया सुगरणीची सोडलेली घरटीही वापरते. हिरवी मुनिया (ॲमँडाव्हा फॉर्मोसा) मध्य भारत व राजस्थानच्या अबू परिसरात आढळते. तिची घरटी उसाच्या शेतातही असतात.