मोरीतला पुंजका आणि डोक्यावरची वस्ती

दिवाळीच्या तोंडावर मालवणकडे अभ्यंगस्नानाची तयारी सुरू होते, तशी शेजारच्या काकीची तक्रारही. न्हाणीच्या मोरीत अडकलेला केसांचा पुंजका दाखवून म्हणाली, "डोक्यात जंतू झाले आसतले गो. नायतर इतके केस कशाक गळतीत?"

जंतू 'होत' नाहीत, ते असतातच. निरोगी टाळूवरही क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस आणि स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हे जिवाणू आणि मॅलासेझिया ही बुरशी यांची कायमची वस्ती असते. केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून झिरपणाऱ्या तेलावर ती पोसली जाते. मॅलासेझियाला तर स्वतःची स्निग्धाम्लं बनवताच येत नाहीत. ती हे तेल फोडते, हवं ते घेते आणि ओलिक आम्ल मागे ठेवते. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही, त्यांच्या डोक्यात कोंडा धरतो. धो धो पाऊस पडणाऱ्या आमच्या दमट किनाऱ्यावर, ओल्या केसांचाच अंबाडा घालून त्यावर वळेसर माळला की या बुरशीची चंगळच.

आमच्याकडे यावर उपाय एकच: घाण्याचं खोबरेल. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांचा १४० भारतीय स्त्रियांवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही आठवडे खोबरेल लावल्यावर टाळूवर निरोगी डोक्यात आढळणारे सूक्ष्मजीव वाढले. आजीला हे कळलं असतं तर ती एवढंच म्हणाली असती, की त्यात नवीन काय! पण हा अभ्यास कोंड्याचा होता, गळतीचा नव्हे. खोबरेल केसात मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, म्हणजे केस तुटणं कमी होतं. गळणं वेगळं. पडलेल्या केसाच्या टोकाला बारीकशी पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आलेला, नसेल तर बहुधा मध्येच तुटलेला.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं स्वाभाविक आहे. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईला सगळा आठवडा एकदम मोरीत दिसतो. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने विसावतो आणि पडतो. मोठा ताप, बाळंतपण किंवा अंगात लोह कमी असणं यामुळे खूपसे केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. म्हणून मी काकीला विचारलं, गणपतीच्या आसपास काय झालं होतं? "माका डेंगू झालेलो ना!"

जंतूंवरचा हा संशय फक्त काकीचा नाही. २०२४ सरता सरता बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीवरच गेला. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन नमुने तपासून घेतले आणि बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जादा प्रमाणावर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून जंतुनाशक शाम्पूची महागडी बाटली घेण्याआधी मी तरी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घेईन. भांग हळूहळू रुंदावत असेल तर कारण बहुधा आनुवंशिक असतं. रोज घट्ट ओढून बांधलेल्या केसांची कपाळाकडची कड मागे सरकते, तीही जंतूंमुळे नाही.

एका ठिकाणी मात्र काकीचा संशय खरा ठरू शकतो. टाळूवर पुवाच्या पुटकुळ्या येत असतील, दुखत असेल, एकाच छिद्रातून केसांचे झुबके निघत असतील आणि मधली कातडी गुळगुळीत होत चालली असेल, तर स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूशी निगडित असलेला आजार असू शकतो. तिथे व्रण पडून मूळच नष्ट होतं आणि गेलेला केस परत येत नाही. अशा वेळी तेल चोळत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावं.